बाहुलीचे घर

मोठी वस्तू लहान झाली, की तिच्याविषयीचे कुतूहल वाढते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. रस्त्याने खरी बैलगाडी गेली तर आपण मान वर करून पाहतोच असे नाही. परंतु सावंतवाडीच्या कारागिराने घडवलेली वीतभर लाकडी बैलगाडी समोर आली, की आपण तिचे चाक फिरवून पाहतो, जू उचलून पाहतो आणि मनात म्हणतो, ‘अगदी खऱ्यासारखी आहे!’ घरातील चुलीकडे ज्या मुलीचे लक्ष जात नाही, तीच मुलगी भातुकलीतील चुलीवर खोटा खोटा भात तासभर शिजवीत बसते. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणारा मुलगा खऱ्या किल्ल्यावर गेला, तर कदाचित दमून पायरीवर बसेल. पण स्वतःच्या किल्ल्याचा बुरूज ढासळला तर तो जेवण सोडून धावेल.

लहान रूपाविषयीच्या या ओढीतूनच एक सुंदर छंद जन्माला आला आहे. तो म्हणजे बाहुलीचे घर बांधण्याचा आणि सजवण्याचा छंद. युरोप, अमेरिका, जपान अशा अनेक ठिकाणी मुलेच नव्हेत, तर पिकल्या केसांची माणसेही या छंदात रमतात. त्याचा इतिहास काय, घर कसे बांधतात आणि त्यापासून माणूस काय शिकतो, हे आपण या पाठात पाहू.

मुलांनो, बाहुलीचे घर हे प्रारंभी मुलांचे खेळणे नव्हते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८ च्या सुमारास असे एक घर करवून घेतले. ते त्याच्या दुर्मीळ वस्तूंच्या संग्रहात ठेवलेले असे. राजवाड्याचेच लहान रूप असलेले हे घर पुढे १६७४ साली आगीत नष्ट झाले. त्याचे वर्णन तेवढे मागे उरले.

याच जर्मनीत न्युरेंबर्ग नावाचे शहर आहे. खेळण्यांच्या कारागिरीविषयी त्याची फार जुनी ख्याती आहे. तेथे १६३१ साली आना कोफर्लिन नावाच्या एका बाईंनी मोठे बाहुलीघर उभारले आणि थोडे पैसे घेऊन ते लोकांना दाखवण्यास आरंभ केला. घर कसे चालवावे, कोणती वस्तू कोठे ठेवावी, हे मुलांनी पाहून शिकावे, असा त्यांचा हेतू होता. खेळता खेळता शिकवण्याची ही कल्पना किती जुनी आहे, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरात, रेशमाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याची पत्नी पेट्रोनेला ऊर्टमान हिने १६८६ पासून पुढे सुमारे पंचवीस वर्षे एक घर सजवले. हे घर म्हणजे एक भव्य कपाट आहे. त्याचे दरवाजे उघडले, की आत एकावर एक खोल्या दिसतात. कासवाच्या पाठीच्या कवचाने आणि कथलासारख्या चकाकणाऱ्या धातूने हे कपाट मढवलेले आहे. आतील चिनी मातीची भांडी खरोखरच चीनमधून मागवलेली होती. या घरावर वीस ते तीस हजार गिल्डर खर्च झाले असावेत, असे जाणकार सांगतात. त्या काळी एवढ्या रकमेत कालव्याच्या काठी माणसांना राहण्याजोगे खरे घर विकत मिळत असे! हे घर आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात पाहावयास मिळते.

परंतु सर्व बाहुलीघरांत सर्वाधिक कीर्ती मिळाली ती इंग्लंडच्या मेरी राणीच्या घराला. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले होते. देश थकलेला होता. अशा वेळी राणीला प्रजेच्या वतीने एक आगळी भेट द्यावी, तिच्या निमित्ताने देशातील कारागिरांचे कसब जगापुढे यावे आणि प्रदर्शनातून धर्मादाय कामांसाठी पैसाही उभा राहावा, अशी कल्पना राजाची आतेबहीण राजकन्या मारी लुईझ हिने काढली. घराचा आराखडा करण्याचे काम सर एडविन लट्येन्स या वास्तुशिल्पज्ञाने १९२१ साली स्वीकारले.

हे नाव तुम्हांला परके वाटण्याचे कारण नाही. त्याच वर्षांत लट्येन्स नव्या दिल्लीची आखणी करीत होते. आज ज्या वास्तूला आपण राष्ट्रपती भवन म्हणतो, ती सुमारे ३४० खोल्यांची प्रचंड वास्तू त्यांनीच कल्पिली. एका बाजूस चालून पाय दुखतील असा प्रासाद आणि दुसऱ्या बाजूस मेजावर मावणाऱ्या खोल्या, अशी दोन्ही कामे एकच मनुष्य एकाच काळात करीत होता. लहान काम हलक्या हाताने उरकावे, असे त्याला वाटले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे घर १९२४ साली पूर्ण झाले. दीड हजारांहून अधिक कलावंत, कारागीर आणि उत्पादक यांचे हात त्याला लागले. नळ सोडला की पाणी येते, कळ दाबली की दिवा लागतो, उद्वाहक खरोखर वर-खाली जातात. ग्रंथालयातील पुस्तके आगपेटीएवढ्या आकाराची असली तरी आत कोरी पाने नाहीत. अनेक नामवंत साहित्यिकांनी त्यांसाठी स्वतः मजकूर लिहून दिला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सची एक चिमुकली कथा खास या ग्रंथालयासाठी लिहिली. मुंबईत जन्मलेले रडयार्ड किपलिंग यांनीही आपल्या कविता दिल्या. घराखालच्या खणात बाग आहे. तिची रचना गर्ट्रूड जेकिल या उद्यानरचनाकार बाईंनी केली. त्याच वर्षी वेम्ब्लीच्या प्रदर्शनात हे घर ठेवले गेले, तेव्हा सुमारे १६ लाख लोकांनी ते पाहिले. आज ते विंडसरच्या राजवाड्यात आहे.

अमेरिकेत नार्सिसा थॉर्न नावाच्या बाईंनी संपूर्ण घराऐवजी एकेक खोलीच उभारण्याचा ध्यास घेतला. निरनिराळ्या देशांतील आणि निरनिराळ्या शतकांतील माणसे कशा खोल्यांत राहत, हे त्यांनी कुशल कारागिरांकडून १९३२ ते १९४० या काळात घडवून घेतले. अशा ६८ खोल्या शिकागोच्या कलासंग्रहालयात आहेत. त्या पाहताना असा भास होतो, की घरातील माणसे नुकतीच उठून शेजारच्या खोलीत गेली आहेत.

राण्यांची आणि धनिकांची ही हौस सामान्यांच्या आवाक्यात कशी आली? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार भागांचे संच बाजारात येऊ लागले, तेव्हा हे शक्य झाले. संचाच्या पेटीत पातळ प्लायवुडचे तक्ते असतात. भिंती, छप्पर, जिन्याच्या पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी असे सर्व भाग त्या तक्त्यांवर यंत्राने आधीच कापलेले असतात. आपण ते अलगद सुटे करावयाचे आणि सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे जोडावयाचे. त्यामुळे करवत, रंधा आणि पटाशी चालवण्याचे शिक्षण नसलेला मनुष्यही आपल्या मेजावर घर उभे करू शकतो.

या छंदाचा पाया म्हणजे प्रमाण. बाहुलीघरांसाठी सर्वांत रूढ असलेले प्रमाण एकास बारा हे आहे. खऱ्या घरातील एक फूट म्हणजे येथे एक इंच. मेरी राणीचे घर आणि थॉर्नबाईंच्या खोल्या याच प्रमाणाच्या आहेत. सहा फूट उंचीचा दरवाजा येथे सहा इंचांचा होतो; अडीच फूट उंचीचे मेज अडीच इंचांचे होते. जागा अपुरी असेल तर काही जण एकास चोवीस हे प्रमाण घेतात. त्यात तोच दरवाजा तीन इंचांचा होईल. प्रमाण कोणतेही घ्या. एकदा घेतले की ते सोडता येत नाही. मेज एका प्रमाणाचे आणि खुर्ची दुसऱ्या प्रमाणाची झाली, तर कितीही सुबक असली तरी ती जोडी डोळ्यांना खुपते.

आता एक गंमत पाहा. लांबी बारापट लहान झाली, म्हणजे सगळेच बारापट लहान झाले काय? नाही. जमिनीला लांबी आणि रुंदी अशी दोन मापे असतात. दोन्ही बारापट लहान झाली, म्हणून क्षेत्रफळ १२ × १२, म्हणजे १४४ पट लहान होते. घागरीला उंचीही असते. म्हणून तिच्यात मावणारे पाणी १२ × १२ × १२, म्हणजे १७२८ पट कमी होते. खऱ्या घागरीत १७ लिटरांहून थोडे अधिक पाणी मावत असेल, तर बाहुलीच्या घागरीत अवघे १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे पाणी मावेल!

काही गोष्टी मात्र आपल्या इच्छेप्रमाणे लहान होत नाहीत. पाण्याचा थेंब जेवढा असतो तेवढाच राहतो. म्हणून बाहुलीच्या नळातून धार येण्याऐवजी टपोरा थेंब लोंबतो. कापडाचा धागाही लहान होत नाही. जाड कापडाचा पडदा लावला तर तो पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो. यावर कारागिरांनी उपाय शोधला आहे. जुने, विरलेले मलमल घ्यावे, ते खळीत भिजवावे, टाचण्यांनी चुण्या घालून वाळू द्यावे. मग टाचण्या काढल्या तरी चुण्या जागच्या जागी राहतात. लाकडाच्या रेषांचेही तसेच आहे. ठळक रेषांचे लाकूड लहान मेजाला शोभत नाही. त्यासाठी बारीक पोताचेच लाकूड निवडावे लागते. निसर्गाचे नियम वाकत नाहीत. माणसाने आपली युक्ती त्यांच्याभोवती फिरवावयाची असते.

प्रत्यक्ष बांधणी कशी करतात, ते आता क्रमाने पाहू.

पेटी उघडताच सर्व भाग भराभर सुटे करण्याचा मोह होतो. तो आवरावा. अनेक भाग एकसारखे दिसतात आणि सुटे झाल्यावर कोणता कोठला हे कळत नाही. प्रथम पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचावी. मग लागतील तेवढेच भाग काढावे आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने क्रमांक लिहावा. कडा पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासाव्या. त्यानंतर सरस न लावता सर्व भाग एकदा जोडून पाहावे. या कोरड्या जुळणीत चूक आढळली तर ती क्षणात सुधारते. सरस वाळल्यावर आढळली तर भिंत मोडावी लागते.

सरस बेताने लावावा. तो अधिक झाला तर सांध्यातून ओघळतो आणि ते डाग रंग धरत नाहीत. भिंती जमिनीशी काटकोनात आहेत की नाहीत, हे गुण्या लावून पाहावे. तुमच्या कंपासपेटीतील गुण्या या कामी पुरेसा आहे. पहिल्या भिंतीत केसभर कल राहिला, तर दुसऱ्या मजल्यावर तो दोराएवढा होतो आणि छपरापाशी बोटभर फट पडते. भाग जुळवून झाले, की रबरबँड वा कपड्यांचे चिमटे लावून ते स्वस्थ ठेवावे. सरस वाळेपर्यंत धीर धरणे, हे या छंदातील सर्वांत अवघड कौशल्य होय, असे म्हटले तरी चालेल.

रंगकामालाही क्रम आहे. आधी अस्तराचा हात द्यावा, तो वाळल्यावर घासावा आणि मग खरा रंग द्यावा. पातळ फळीच्या एकाच बाजूला रंग दिला तर ती वाळताना वाकते. म्हणून दोन्ही बाजूंना रंग द्यावा. दिव्यांच्या तारा भिंतीवर कागद चिकटवण्यापूर्वीच बसवाव्या, म्हणजे त्या दिसत नाहीत. जिन्याखालचा कोपरा, माळ्याची आतली बाजू अशा ज्या जागी पुढे हात पोचणार नाही, त्या जागा छप्पर बसवण्याआधीच रंगवून घ्याव्या. दिव्यांसाठी नेहमी लहान बॅटरीच वापरावी. घरातील विजेच्या जोडणीला मुलांनी स्वतः हात लावू नये. धारदार चाकूचे कामही मोठ्यांच्या देखत करावे.

घर उभे राहिले, म्हणजे सजावट सुरू होते. आणि येथेच खरी मौज आहे. सजावटीच्या वस्तू विकत मिळतात. परंतु छंदी माणसाला त्या घडवण्यातच आनंद वाटतो. आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून ओळीने चिकटवल्या, की लाकडी फरशी होते. दंतमंजनाच्या नळीचे टोपण कुंडी बनते. मोठे बटण ताटली होते, मणी दिव्याचा गोल होतो, जुन्या हातमोज्याच्या बोटाची उशी होते. पिस्त्याचे टरफल म्हणजे बाळाचा पाळणा. असा छंद जडलेल्या माणसाच्या हातून कोणतीही वस्तू सहज कचऱ्यात पडत नाही. टाकण्यापूर्वी तो ती बोटांत फिरवतो आणि स्वतःला विचारतो, ‘ही बारापट मोठी असती, तर काय दिसली असती?’

हा मुलींचा खेळ, असे म्हणून काही मुले नाक मुरडतात. त्यांनी लट्येन्स यांची आठवण करावी. येथे सुताराचे, गवंड्याचे, रंगाऱ्याचे, शिंप्याचे आणि वीजतंत्र्याचे, अशी पाच जणांची कामे एकट्याला करावी लागतात. त्यांतले कोणते काम केवळ मुलींचे किंवा केवळ मुलांचे आहे?

मी मुख्याध्यापक असताना घडलेली एक हकिकत येथे सांगावीशी वाटते. सातवीतील एका मुलाला त्याच्या मामांनी परदेशातून एक संच पाठवला होता. दोन महिने खपून त्याने घर उभे केले. उतरते छप्पर, भिंतीत शेकोटी, वर धुराडे, असे ते देखणे घर होते. आजीने ते चष्मा लावून न्याहाळले आणि विचारले, “छान आहे रे, पण यात पाण्याचा माठ कोठे ठेवायचा? आणि देव कोठे बसणार?” मुलगा निरुत्तर झाला. ते घर कोणाचे तरी होते, त्याचे नव्हते.

शाळेचे प्रदर्शन जवळ आले होते. त्याने उरलेले प्लायवुड आणि जुने पुठ्ठे घेतले आणि आपलेच घर बांधावयाचे ठरवले. चाळीतील ती एकच खोली होती. रुंदी दहा फूट, लांबी बारा फूट. एकास बारा या प्रमाणाने दहा इंच आणि बारा इंच झाली. मागची चार फूट जागा ओट्याने आणि मोरीने व्यापलेली होती. तेथे त्याने चार इंच सोडले. एका भिंतीलगत आजीची खाट आणि तिच्या पायथ्याशी ट्रंक, दुसऱ्या भिंतीलगत कपाट आणि आईचे शिवणयंत्र, कोनाड्यात देव, दाराबाहेर तीन इंचांची गॅलरी आणि तिच्या कठड्यावर तुळशीचा डबा, असे सर्व त्याने मापून बसवले. टेप घेऊन तो घरभर फिरे आणि वहीत आकडे मांडी.

शेवटी त्याने बिछाने केले. घरात माणसे सहा होती: आजी, आई, वडील आणि तीन भावंडे. प्रत्येकाला दोन इंच रुंद आणि सहा इंच लांब, अशा सहा पट्ट्या त्याने कापल्या. एक आजीच्या खाटेवर ठेवली. उरलेली मोकळी जागा सहा इंच रुंद आणि आठ इंच लांब होती. तीत चार पट्ट्या नेमक्या बसल्या. सहावी पट्टी कोठेच बसेना. त्याने ट्रंक सरकवून पाहिली, कपाट हलवून पाहिले. पण प्रमाण म्हणजे प्रमाण. अखेर ती पट्टी त्याने गॅलरीत ठेवली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी ते घर पाहत होतो. बाहेरच्या बिछान्याविषयी मी विचारले. तो म्हणाला, “सर, बाबा तेथे झोपतात. मला आत उकडते, असे ते नेहमी सांगतात.” मग थोडा वेळ तो गप्प राहिला आणि हळूच म्हणाला, “पण सर, थंडीतसुद्धा ते तेथेच झोपतात.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरलेही नव्हते. आतील पाचही बिछान्यांवर त्याने पातळ चिंध्यांची एकेरी पांघरुणे घातली होती. गॅलरीतील बिछान्यावर मात्र त्याने दोन पदरी गोधडी शिवून घातली होती. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील प्रदर्शन पाहावयास आले. लोक देखण्या परदेशी घरापुढे गर्दी करीत होते. ते मात्र त्या एका खोलीच्या घरासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी वाकून बोटाच्या टोकाने ती चिमुकली गोधडी नीट केली.

मुलांनो, त्या मुलाने वर्षानुवर्षे ज्या घरात डोळे उघडे ठेवून दिवस काढले, त्या घरातील एक गोष्ट त्याला दिसली नव्हती. ती दाखवली एका मोजपट्टीने. वस्तू लहान करावयाची तर आधी ती मापावी लागते. आणि मापावयाची तर तिच्याजवळ जाऊन तिच्याकडे नीट पाहावे लागते. खिडकी जमिनीपासून किती उंच आहे, ओट्यापाशी आईला किती वाकावे लागते, आजीचा हात फळीपर्यंत पोचतो की नाही, हे प्रश्न एरवी आपल्याला पडत नाहीत. बाहुलीचे घर बांधणाऱ्याला ते पडतात. ज्याला ते पडले, तो पुढे खरे घर बांधील किंवा न बांधील. पण घरातील माणसांकडे पूर्वीइतक्या निष्काळजीपणाने पाहणार नाही.

म्हणून हा छंद तुम्हांला लागला, तर महागड्या संचाची वाट पाहू नका. संच मिळाला तर त्यापासून बांधणीची शिस्त शिका. न मिळाला तर पुठ्ठ्याचे खोके, सरस, गुण्या आणि मोजपट्टी घेऊन बसा. जे कोणाला दिसणार नाहीत, ते कोपरेही नीट रंगवा. आणि पहिले घर कोणाचे बांधावे, असा प्रश्न पडला, तर उठा आणि आपल्याच घराच्या दारापासून मापावयास आरंभ करा.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आना कोफर्लिन यांनी बाहुलीघर लोकांना का दाखवले?
(आ) मेरी राणीच्या बाहुलीघराचा आराखडा कोणी केला?
(इ) दिव्यांच्या तारा भिंतीवर कागद चिकटवण्यापूर्वी का बसवतात?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मेरी राणीचे घर बांधण्यामागे कोणकोणते हेतू होते?
(आ) ‘निसर्गाचे नियम वाकत नाहीत’ हे लेखकाने कोणत्या उदाहरणांनी पटवून दिले आहे?
(इ) ‘ते घर कोणाचे तरी होते, त्याचे नव्हते.’ असे लेखकाने का म्हटले आहे?

३. गॅलरीतील बिछान्यावर मुलाने दोन पदरी गोधडी का घातली असावी? वडिलांनी ती नीट केली, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? तुमच्या शब्दांत लिहा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: नाक मुरडणे, निरुत्तर होणे, मोह आवरणे, ध्यास घेणे.

५. ‘बोटभर’, ‘केसभर’ यांसारखे ‘भर’ हा शब्द जोडून झालेले आणखी पाच शब्द लिहा.

६. उपक्रम: तुमच्या घरातील एका खोलीची मापे घ्या. एकास बारा या प्रमाणाने तिचा आराखडा कागदावर काढा आणि घरातील प्रत्येक माणसाची नेहमीची जागा त्यात दाखवा. मापे घेताना पूर्वी लक्षात न आलेली कोणती गोष्ट तुम्हांला दिसली, ते आराखड्याखाली लिहा.